मळ्यातल्या खोलीतलं मशीन

दुपारी दीडच्या सुमाराला गोरक्षने आपल्या क्लासचं शटर खाली ओढलं. क्लास म्हणजे काय, तर पंचवटीतला दहा बाय बाराचा गाळा, चार जुनी मशीनं आणि पाच विद्यार्थी. त्यातले दोन निव्वळ पंख्याच्या हवेला येत. पाटी मात्र एवढी लांबरुंद, की गाळाच तिच्या मागे लपून बसलाय असं वाटावं. सन २००४ चाललं होतं. सगळं नाशिक विंडोज शिकत होतं आणि हा पठ्ठ्या लिनक्सच्या नादी लागला होता. चाळिशी आली, चष्मा आला, टक्कल आलं. बायको तेवढी यायची राहिली. घरी गेलं की कुलूप, कुलूप काढलं की कालचं पातेलं. त्याच्याशी जिवाभावाने बोलणारा असा एकच माणूस होता, ललित. त्याला जाऊन आजचा अकरावा दिवस होता.

सकाळी ललितच्या बायकोचा, छायाचा फोन आला होता.

"भावजी, ह्यांचं मशीन बंद पडलं. काल दहाव्याचं करून गंगेवरून आलो तर सगळं काळं. आत्याबाई म्हणत्यात, दिवा विझला. येता का?"

येतो म्हणाला. पिशवीत स्क्रूड्रायव्हर टाकला, मशीन जागं करायच्या दोन फ्लॉप्या टाकल्या, आणि एम-एटीला लाथ घालून मखमलाबादच्या रस्त्याला लागला. साधं काम. जायचं, मशीन चालू करून द्यायचं, चहा दिला तर प्यायचा, परत यायचं.

एक गोष्ट मात्र त्याने फोनवर छायाला सांगितली नाही. मशीन का चालू होत नसेल, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. ती करणी त्याचीच होती.

त्याचं असं, की हे दोघं दोस्त एकमेकांची मशीनं बिघडवत. हौसेने. ललित एका कॉलेजात लॅब असिस्टंट होता, रविवारी मळ्यात असायचा. गोरक्ष रविवारी जेवायला जायचा, आणि ललित हात धुवायला उठला की त्याच्या मशीनमधली एखादी महत्त्वाची फाईल भलतीकडे लपवून ठेवायचा. पुढच्या रविवारी ललित पंचवटीत यायचा आणि गोरक्षची खोड काढायचा. नियम एकच, बिघडवणाऱ्याला विचारायचं नाही, आपलं आपण शोधायचं. चाळिशीतले दोन बाप्ये, पण खेळ म्हणाल तर लपंडावाचा. बरं, ललितने पुरावा हाताशी असावा म्हणून मशीनवर सोय करून ठेवली होती, पडद्यावर जे काही उमटेल ते वेळेसकट एका फाईलीत उतरायचं. सरकारी चौकीत नसेल एवढी टापटीप.

आणि शेवटच्या रविवारी गोरक्षने लपवली ती शेल.

शेल म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला हवं. लिनक्सचं मशीन चालू केलं की आधी त्याचा आतला गाभा जागा होतो. डोळे चोळत घरात कोण कोण आहे ते बघतो. डिस्क आहे, कीबोर्ड आहे, घड्याळ आहे. सगळे हजर असले की शेवटी तो शेलला हाक मारतो. शेल हा ओट्यावर बसणारा माणूस. बाहेरच्याचं बोलणं आत पोचवायचं, आतलं उत्तर बाहेर आणायचं, एवढंच त्याचं काम. तो जागेवर नसेल तर मशीन पुरतं जागं होतं आणि मुकं-बहिरं बसून राहतं. मशीन चालू असताना शेल हलवली तर काही कळत नाही. बंद करून पुन्हा चालू केलं की मग बोंब. ललितचं मशीन रविवारपासून बंदच झालं नव्हतं. गुरुवारी ललित विहिरीत गेला. कोडं तसंच राहिलं.

मखमलाबाद ओलांडून गोरक्ष मळ्याच्या कच्च्या वाटेला लागला आणि त्याने गाडी हळू केली. दोन्ही बाजूंना झेंडू होता. तोडायला आलेला नव्हे, तोडायची वेळ टळून गेलेला. ऐन दसरा सुतकात गेला. सुतकातलं फूल देवाला कसं द्यायचं, म्हणून ललितच्या वडिलांनी, चिमाजींनी, एक पाटीसुद्धा बाजारात जाऊ दिली नाही. दोन एकर फुलं झाडावरच काळी पडत होती. वास असा, की देवळाच्या मागे निर्माल्य कुजतं तसा, गोड आणि जड. वाऱ्याचं नाव नव्हतं. मजूर नाहीत, कुत्रं भुंकेना. एवढ्या पिवळ्या रानात माणूस म्हणून एकटा हाच, आणि गाडीचा आवाजही कोणी बोळा कोंबल्यासारखा दबलेला.

चिमाजी अंगणात बाजेवर बसले होते. डोकं भादरलेलं, नजर जमिनीत. त्यांना दोन्ही कानांनी ऐकू येत नाही, पण कबूल करतील तर शपथ.

"बाबा, जेवण झालं का?" गोरक्ष जवळ वाकून म्हणाला.

"कठडा बांधायचा राह्यला," चिमाजी म्हणाले. "लय दिवस म्हणत व्हतो. ऱ्हायला."

एरवी त्यांचं असं भलतंच उत्तर आलं की गोरक्ष आणि ललित तोंडात रुमाल कोंबून हसायचे. आज हसायला जोडीदार नव्हता.

छाया पदर सावरत बाहेर आली. चेहरा उतरलेला, डोळे कोरडे. त्याला मळ्यातल्या खोलीकडे घेऊन जाताना ती हळू आवाजात, घराकडे वळून वळून बघत बोलत होती.

"भावजी, परवा तेरावं. आत्याबाईंनी माझ्या भावाला दिंडोरीहून बोलावलंय. मला घेऊन जा म्हणून. मैनाला ठेवून घेणार. म्हणत्यात, नात आमची हाय, तू तुझं बघ."

"अगं पण का?"

"का म्हणजे? मी मारलं ना त्यांना." ती थांबली. "त्या दिवशी सकाळपासून ते मशीनवर. मी चिडले. डबा आणून आपटला टेबलावर, खायचं तर खा म्हणाले. तो आवाज अख्ख्या मळ्यानं ऐकला. नऊ वाजता एक चप्पल विहिरीच्या काठावर, एक पाण्यावर. आणि डबा भरलेला. आत्याबाई येईल त्याला सांगत्यात, बाईनं जेवू दिलं नाय, उपाशी पोरानं उडी मारली."

"छाया, ललित असा..."

"मला माहितीये. पण माझं कोण ऐकतं? काल पिंडाला कावळा शिवला नाही, दोन तास. मग तर झालंच. सगळे माझ्याकडं बघायला लागले." तिने आवाज अजून खाली आणला. "भावजी, डबा ठेवून मी परत गेले तेव्हा खिडकीतून बघितलं. ते टाईप करत होते, आणि हसत होते. एकटेच. मरायला निघालेला माणूस हसतो का? ते काय लिहीत होते तेवढं मला काढून द्या. तेवढंच माझ्या हातात हाय."

खोली विहिरीच्या अंगाला होती. पूर्वी तिथे औषधं मारायचे पंप ठेवत. आता एक टेबल, एक पत्र्याची खुर्ची, खिडकी, आणि ते मशीन. दार उघडल्या उघडल्या गोरक्ष चमकला. सीपीयूच्या भोवती जमिनीवर पांढरं पीठ पसरलेलं. टेबलावरही पीठ. समोर समई, तेल संपून काजळलेली.

"हे काय गं?"

"आत्याबाईंनी केलं."

माणूस गेला की तो गेला त्या जागी दिवा लावायचा, खाली पीठ पसरायचं, पाटी पालथी घालायची, आणि दुसऱ्या दिवशी पिठात कसलं पाऊल उमटलंय ते बघायचं. पाखराचं उमटलं तर पाखराचा जन्म, आणि असंच. पण विहिरीत कुठे पीठ पसरणार? तेव्हा छायाच्या ह्या आत्याबाईंनी, म्हणजे ललितच्या आईने, सरूबाईंनी ठरवलं, पोरगं शेवटचं बसलं तीच त्याची जागा. मशीन सुरूच होतं, हिरवा दिवा लुकलुकत होता. त्या म्हणाल्या, ह्यो त्याचाच दिवा, दहा दिवस इझवायचा नाय. अख्ख्या नाशिक तालुक्यात कॉम्प्युटरला सुतकाचा दिवा मानलेलं हे एकच घर असावं. खालच्या बॅटरीच्या डब्यावर लोडशेडिंगमध्येही मशीन तग धरून राहिलं. आणि मशीनचा पंखा दहा दिवस पीठ ओढत राहिला.

"पाऊल उमटलं?"

"नाही," छाया म्हणाली. "काहीच नाही. पीठ जसंच्या तसं. आत्याबाई म्हणाल्या, कुठंच गेला नाय."

ती चहा ठेवायला गेली. गोरक्ष पत्र्याच्या खुर्चीत बसला. खुर्ची गार होती, दुपारच्या मानाने जास्तच गार. त्याने बटण दाबलं.

मशीन घरघरलं, पिठाची एक फुंकर त्याच्या तोंडावर आली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी पळायला लागल्या. डिस्क सापडली. कीबोर्ड सापडला. घड्याळ सापडलं. गोरक्षने हजार वेळा पाहिलेल्या ओळी, पण आज त्याला वाटलं, परगावाहून आलेलं कोणी रिकाम्या घरात खोल्या उघडून बघतंय. आणि मग शेवटची ओळ. शेल सापडत नाही. कारभार कोणाच्या हाती द्यायचा, कळत नाही. थांबतो आहे.

मशीन थांबलं. कीबोर्डवरचे तीन बारके दिवे एकदम उघडझाप करू लागले. याचा अर्थ खेळ खलास. आता तुम्ही त्यावर पेटी वाजवा नाहीतर तबला, त्याला काही ऐकू जाणार नाही.

"आलोच हां, लल्या," गोरक्ष सवयीने पुटपुटला आणि फ्लॉपी काढली. फ्लॉपीची फट पिठाने गच्च. तो वाकला, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पीठ उकरू लागला. बाहेर एक पारवा घुमत होता, तो गप्प झाला. खोलीत शेवाळाचा वास आला. विहिरीच्या खालच्या पायरीला येतो तसा, ओला.

तो सरळ झाला तेव्हा दिव्यांची उघडझाप थांबली होती. पडद्यावरच्या सगळ्या ओळी गेल्या होत्या. वरच्या कोपऱ्यात एकच पांढरी खूण लुकलुकत होती, कोणी काही बोलेल म्हणून वाट बघत बसल्यासारखी.

हे व्हायला नको होतं. शेल नाही तर खूण नाही, एवढं तर त्याच्या क्लासमधल्या पंखेवाल्या पोरांनाही माहीत होतं. गोरक्षने बोटं कीबोर्डवर ठेवली. काय लिहावं सुचेना. इंग्रजी अक्षरांत त्याने लिहिलं,

ललित

खूण खालच्या ओळीवर गेली. थोडा वेळ काही नाही. मग अक्षरं उमटू लागली, एकेक, थांबत थांबत. ललित दोन बोटांनी टाईप करायचा.

काय रे गोऱ्या, सकाळी सकाळी?

गोरक्षने मान वळवून बघितलं. खिडकीबाहेर उन्हं कलायला लागली होती. पण मेलेल्या माणसाच्या घड्याळात किती वाजलेत, हे कोणी विचारायचं...

कसं केलंस पण हे? टेलिफोनची वायर तर मी काढून ठेवलीय.

गोरक्षने बघितलं. वायर खरंच काढलेली होती, टेबलाच्या पायाला गुंडाळून. त्याने लिहिलं,

तू कुठे आहेस?

खुर्चीत. अजून कुठे असणार?

गोरक्ष ताडकन उठला. खुर्ची मागे सरकली, भिंतीवर आपटली. बसायची जागा रिकामी, पत्रा तेवढा चकाकत होता. उभ्यानेच त्याने हाक मारली. "छाया... मावशींना घेऊन ये... लवकर."

सरूबाई आल्या. ठेंगणी, काळीसावळी, चालणं मात्र असं की आयुष्यभर डोक्यावर फुलांची पाटी असावी. दारातूनच त्या कडाडल्या, "काय रं गोरख? पीठ तुडवलंस? आक्कल हाय का नाय?"

"मावशी," गोरक्ष म्हणाला, "ललित... बोलतोय."

छायाच्या हातातला कप बशीवर वाजला. सरूबाई पिठाच्या कडेकडेने पुढे आल्या, पडद्याकडे बघत राहिल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. तरी त्या लुकलुकणाऱ्या खुणेकडे त्यांनी असं बघितलं, जसं कोणी पाळण्यात बघावं.

"काय म्हंतोय?"

"खुर्चीत बसलोय म्हणतो."

"त्याला ऐकू जातंय?"

"मी लिहिलं तर जातंय."

दिंडोरीच्या भावाला बोलावणारी, अकरा दिवस सुनेला बोल लावणारी ती बाई, आता कोणालाही वाटलं असतं की विचारेल, उडी का मारलीस. सरूबाईंनी खुर्चीच्या पाठीला हात लावला आणि हळूच म्हणाल्या,

"जेवलास का, म्हनावं."

गोरक्षने लिहिलं. आई विचारते, जेवलास का?

अक्षरं आली. गोरक्ष एकेक शब्द वाचून दाखवत गेला.

"छायाने डबा ठेवलाय... आपटून ठेवलाय, म्हणजे मेथी असणार... लाईट आली की मोटर लावून येतो... मग जेवतो."

छायाच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला, फांदी मोडावी तसा. "मेथीच होती," ती म्हणाली. "त्यांना आवडत नाही. मेथी असली की मी... मी नेहमीच आपटायचे. ते हसायचे."

डबा सरूबाईंनी स्वतः उघडला होता त्या संध्याकाळी. त्यात काय होतं हे त्यांना आणि छायाला, दोघींनाच माहीत. त्या वळल्या. सुनेकडे बघितलं, बराच वेळ, आणि मग तिचा हात धरून तिला आपल्या कुशीत ओढलं.

"मोटर लावाया गेला गं," त्या म्हणाल्या. "मोटर लावून जेवणार व्हतं माझं पोर. घसारला... आन मी तुला... आन मी तुला काय काय..."

छाया तेव्हा रडली, अकरा दिवसांत पहिल्यांदा. गोरक्ष भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत राहिला. पिठाच्या हाताने पुसला, तो अजूनच आंधळा झाला.

कीबोर्ड आपोआप वाजल्यासारखा वाटला. त्याने वळून पाहिलं. नवी ओळ.

लाईट आली. मोटर लावू ना?

"काय म्हंतोय?"

"लाईट आली म्हणतो. मोटर लावू का विचारतोय."

सरूबाईंनी डोळे पुसले. "अडाकलंय," त्या पुटपुटल्या. "मोटर लावायची ऱ्हायली, तिथंच अडाकलंय लेकरू. म्हून कावळा शिवला नाय. मोकळं करायला पायजे त्याला." त्यांनी खोल श्वास घेतला. "त्याला म्हनावं, जा."

घरातून बाहेर पडणाऱ्याला आपल्याकडे कोणी 'जा' म्हणत नाही. जाणारा 'येतो' म्हणतो, आणि घरचं माणूस 'ये' म्हणतं. सरूबाईंनी तर ललितला शाळेपासून कॉलेजपर्यंत, मोटरीपासून बाजारापर्यंत, एकदाही 'जा' म्हटलं नव्हतं. तो शब्द फक्त गेलेल्यासाठी ठेवलेला. गोरक्षची बोटं अडखळली.

"लिव्ह बाबा," त्या म्हणाल्या. "मला बी जड जातंय. लिव्ह."

त्याने लिहिलं.

आई म्हणते, जा.

पडदा काळा झाला. तीन दिवे पुन्हा उघडझाप करू लागले. आणि त्या तिघांनी ऐकलं, खुर्चीपासून दारापर्यंत चपला गेल्या. फटक, फटक. घाई नाही, नेहमीची चाल. दारातून बाहेर, विहिरीच्या बाजूला... मग काही नाही. पारवासुद्धा घुमला नाही. शेवाळाचा वास हळूहळू विरला आणि त्या जागी पुन्हा कुजक्या झेंडूचा वास आला.

सरूबाईंनी हात जोडले. "सुटला," त्या म्हणाल्या.

घरी परतताना छाया सासूच्या हाताला धरून चालत होती. अंगणात सरूबाईंनी चिमाजींच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं, "सुनेच्या भावाला सांगा, तेराव्याला जेवायला ये, पर न्यायला नको येऊ." चिमाजींना, नवल म्हणजे, पहिल्याच फटक्यात ऐकू गेलं. त्यांनी मान हलवली. छोटी मैना कुठूनशी धावत येऊन आईच्या पदरात शिरली.

निघताना गोरक्षने मशीनची डिस्क काढून पिशवीत घेतली. छायाला ललितचं शेवटचं लिहिलेलं हवं होतं, आणि त्याला आपली लपवलेली शेल जागच्या जागी ठेवायची होती. दोस्ताचं मशीन असं अर्धवट सोडून चालणार नव्हतं. वाटेत त्याला बरं वाटत होतं. भीती होती, पण तिच्या खाली कुठेतरी ऊब होती. लल्या भेटला. शेवटचं का होईना, बोलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, विद्यार्थी यायच्या आधी, त्याने गाळ्यात ती डिस्क आपल्या मशीनला जोडली. आधी शेल बघितली. जिथे लपवली होती तिथेच होती, रविवारच्या तारखेची, कोणी हात न लावलेली. म्हणजे काल दुपारी त्या मशीनला ना तोंड होतं ना कान. हे त्याला माहीतच होतं. मग त्याने ललितची ती वेळेसकट सगळं उतरवणारी फाईल उघडली. छाया म्हणाली होती, हसत होते. काय लिहीत होता हसत, ते तिला द्यायचं होतं.

त्याने गुरुवार शोधला. ललित गेला तो गुरुवार.

सकाळी ७:१८. ललित

सकाळी ७:१८. काय रे गोऱ्या, सकाळी सकाळी?

गोरक्षने तारीख पुन्हा वाचली. बोट लावून वाचली. गुरुवार. मशीनचं घड्याळ चुकलं असेल म्हणून त्याने अलीकडच्या-पलीकडच्या ओळी ताडून बघितल्या. घड्याळ बरोबर होतं.

७:१९. तू कुठे आहेस?

७:२०. खुर्चीत. अजून कुठे असणार?

७:२६. आई विचारते, जेवलास का?

एकेक ओळ त्याची. त्याने काल दुपारी, पिठाच्या बोटांनी लिहिलेली. मधल्या सहा मिनिटांत तर तो खुर्चीजवळ उभा राहून छायाला हाका मारत होता. खिडकीतून छायाने बघितलं ते ललितचं हसू ह्या ओळींवरचं होतं. ललित तेव्हा मेलेला नव्हता. तो खुर्चीत बसला होता, समोर डबा होता, पोटात भूक होती, आणि गोऱ्याने कसली झकास खोडी काढलीय म्हणून गालात हसत होता. त्याला 'थांब' म्हणता आलं असतं. काठावर शेवाळ आहे म्हणता आलं असतं. काहीही लिहिता आलं असतं.

७:३१. आई म्हणते, जा.

आणि त्याखाली, काल पडदा काळा झाल्यामुळे जी दिसली नव्हती ती ओळ.

७:३१. पकडला गोऱ्या! आई कधी जा म्हणत नाही. मोटर लावून येतो, मग बघतो तुला.

बाहेर कोणीतरी शटर वाजवलं, हाक मारली, कंटाळून निघून गेलं. छायाला काय द्यायचं? हे कागदावर छापून दिलं तर तिचं घर राहील, आणि सरूबाईंचं काय राहील? त्या दोघींपैकी एकीलाही ही फाईल दाखवता येणार नव्हती. आयुष्यभर नाही. त्याने ती पुसून टाकायची ठरवली. पुसायच्या आधी शेवटपर्यंत खाली गेला, काही राहिलं तर नाही ना बघायला.

गुरुवारनंतर पान कोरं होतं. शुक्रवार कोरा, शनिवार कोरा. मशीन नुसतं दिवा म्हणून जळत होतं, कोणी हात लावला नव्हता. नवव्या दिवसापर्यंत काही नाही. मग दहाव्या दिवशी, सकाळी १०:०५ ला, एक ओळ होती.

आलो. घरात कोणी आहे का?

मोटर लावून येतो म्हणालेला, तो आला होता. पण दहाव्या दिवशी सकाळी दहाला सगळे गंगेवर होते. चिमाजी, सरूबाई, छाया, मैना, मजूर, शेजारपाजार, झाडून सगळे. गोरक्ष स्वतः तिथे घाटावर उभा राहून कावळ्याची वाट बघत होता. खोलीला कुलूप होतं आणि किल्ली चिमाजींच्या कनवटीला. मळ्यात माणूस म्हणून कोणी नव्हतं.

खाली एकच ओळ उरली होती. मिनिट तेच, १०:०५.

आहे. ये.